कडी मी आतून लावली

माझं अक्षर चांगलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही पिशोरला. त्यानंतर पेन हातात आलं ते फक्त सही करायला. ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही. ही वही कुणाच्या हातात पडलीच तर चुका पोटात घालाव्या. लेकीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यांवर लिहिते आहे. बोलायला लागले की माझा घसा धरतो. लिहिताना धरत नाही.

मालक आला त्या दिवसापासून सांगते.

आम्ही चौघी चिकलठाण्याच्या विमानतळावर विमान झाडायच्या कामावर होतो. एका खाजगी कंपनीची विमानं. त्या दिवशी कंपनीचं बंगळूरचं नवं विमान सुरू होणार होतं आणि त्यातून स्वतः मालक येणार होता. सकाळपासून धावपळ. झेंडूच्या माळा, औक्षणाला मुली, बँडवाले. दारातली रांगोळी आम्हीच काढली. विमान उतरायच्या आधी मॅनेजरसाहेब माझ्याकडं आले. शिकलेला, गोरापान माणूस. म्हणाले, "मावशी, तुमच्या बायकांना घेऊन स्टोअरमध्ये बसा. साहेब जाईपर्यंत बाहेर दिसू नका. फोटोत झाडू यायला नको."

मावशी म्हणजे मी. तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते. मॅनेजरसाहेब माझ्याच वयाचे असतील.

मी मान हलवली. का, असं विचारलं नाही.

स्टोअर म्हणजे पत्र्याची खोली. फिनेलचे कॅन, पोछे, कचऱ्याच्या काळ्या पिशव्या. वर पंखा नाही. मी तिघींना आत घेतलं आणि दाराची कडी आतून लावली. साहेबांनी कडी लावायला सांगितलं नव्हतं. ती मी माझ्या मनानं लावली.

विमान उशिरा आलं. मग भाषण सुरू झालं. बाहेर टाळ्या वाजत होत्या. आमच्यात कमलआक्का सगळ्यांत मोठी. तिला साखरेचा आजार. ती हळूच म्हणाली, "पोरी, मला जाऊन यायचंय."

मी म्हटलं, "थांब आक्का. आता होईल."

आमचं जायचं ठिकाण गेटाबाहेर होतं, पार्किंगच्या मागं. विमानातले संडास आम्ही दिवसातून चार वेळा घासत होतो, पण ते वापरायची आम्हाला मनाई होती. जायचं तर बँडवाल्यांच्या समोरून जावं लागणार.

थोड्या वेळानं आक्का उठून दाराशी आली. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. तिनं माझ्याकडं पाहिलं. पिशव्यांच्या ढिगाकडं गेली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. मग फरशीवरून पाणी माझ्या चपलेपर्यंत आलं.

एकीनं पोछा घेतला.

मालकाची गाडी गेल्यावर मॅनेजर पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले. "आपली कंपनी म्हणजे एक कुटुंब आहे, मावशी," म्हणाले. मी पेढा घेतला. खाल्ला. चांगला आहे, असंसुद्धा म्हटलं. आक्का ओल्या साडीवर पिशवी धरून माझ्या मागं उभी होती.

ते आठवलं की आजही जेवण जात नाही.

या तिघींना कामावर मीच आणलं होतं. मुकुंदवाडीत आमची घरं एकाच गल्लीत. माझी लेक लहान होती तेव्हा आक्कानं तिला सांभाळली, तेव्हा कुठं मी कामाला लागले. काम ठेकेदाराकडून होतं. ठेकेदार गारखेड्याला राहायचा. तो मला म्हणाला, बायका आणा, तुमच्या शब्दावर येतील. गणवेश आणि पास यांची अनामत प्रत्येकी सहा हजार, काम सोडताना परत. तिघींनी पैसे माझ्या हातात दिले. आक्कानं बचत गटातून उचलून दिले. मी ते ठेकेदाराच्या हातात दिले. पावती मागितली नाही. एवढ्या मोठ्या माणसाला पावती कशी मागायची, याची लाज वाटली.

नंतर कंपनी वाढत गेली. दोन विमानांची चार झाली, चाराची सहा. हॉटेलात उतरणारे लोक, वेरूळला जाणारे परदेशी पाहुणे, कारखान्यांचे साहेब. विमान जमिनीवर असायचं अर्धा तास. त्यात आम्ही मागच्या शिडीनं वर चढायचो, खुर्च्यांच्या खिशांतला कचरा काढायचो, सांडलेलं पुसायचो, प्रत्येक खुर्चीचा पट्टा फुलीसारखा मांडायचो. मला मुकादम केलं, पाचशे रुपये वाढवले. छातीवर विमानाचा बिल्ला लावून मी गल्लीतून जायचे. बायका म्हणायच्या, आली विमानवाली. मला ते गोड लागायचं. खोटं कशाला लिहू.

कंपनी मोडायला लागली तेव्हा सगळ्यांत आधी आम्हाला कळलं. कचऱ्यावरून कळलं. आधी पिशव्या भरून खाण्याचे डबे निघायचे, मग नुसते पाण्याचे ग्लास. फाटलेले सीटकव्हर बदलायला येईनात. एकदा भरलेलं विमान दोन तास उभं राहिलं, कारण तेलवाला रोख मागत होता. फिनेल यायचं बंद झालं. मॅनेजर म्हणाले, थोडे दिवस सांभाळून घ्या. आम्ही घरून फिनेल नेलं. स्वतःच्या पैशांनी आणलेल्या फिनेलनं आम्ही त्यांचे संडास घासले. असं दुसरं कुणी केलं असेल असं वाटत नाही.

मग पगार थांबला. एक महिना, दोन महिने. तिघी म्हणाल्या, सोडू या. मीच त्यांना थांबवलं. मॅनेजरांचे शब्द त्यांच्याच चालीत बोलले. कुटुंब आहे, अडचणीत सोडून जायचं नसतं. आक्का हसली. म्हणाली, "कुटुंब व्हय? मग मालकाच्या घरी आपल्याला कोण लागतं, काका का मामा?" सगळ्या हसल्या. पण माझ्या शब्दावर थांबल्या.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी विमान आलंच नाही. आम्ही पिशव्या घेऊन शिडीपाशी उभ्या. दुपार झाली तरी वर बघत होतो. शेवटी एक पोलीस म्हणाला, "घरी जा बाई, कंपनी बुडाली."

चार दिवसांनी मॅनेजरांचा फोन आला. विमानतळाच्या गेटावर कंपनीचे लोक धरणं धरणार होते. टीव्हीवाले येणार होते. म्हणाले, "मावशी, चौघी या. लेकरं आणा. पहिल्या ओळीत बसा आणि जरा रडा. गरीब बाया दिसल्या की वर पाझर फुटतो."

मी तिघींना घेऊन गेले. हे लिहायची लाज वाटते, पण गेले. सतरंजी टाकली होती. मागं इस्त्रीचे शर्ट घातलेले ऑफिसचे लोक, गणवेशातल्या मुली. पुढची जागा आमच्यासाठी रिकामी. कॅमेरा लावत होते. मॅनेजरांनी माझ्या हातात पाटी दिली. त्यावर लिहिलं होतं, आमचा पगार द्या.

मी पाटी वाचली. चौथीतल्या पोरीसारखं अक्षर लावून वाचली. मॅनेजरांच्या हातात एक यादी होती, कोणाचा किती पगार बाकी आहे त्याची. ती कोर्टात जाणार होती. मी विचारलं, "साहेब, यात आमची नावं कुठं आहेत?"

"तुम्ही ठेकेदाराच्या, मावशी. तुमचं वेगळं असतं."

"मग आम्हाला इथं पुढं कशाला बसवलं?"

ते हळू आवाजात म्हणाले, "आत्ता नको. कॅमेरा चालू आहे."

त्या दिवशी फोटोत नको होतो. आज फोटोत हव्या होतो. दोन्ही दिवशी मोजणीत नव्हतो. एवढी साधी गोष्ट कळायला मला इतकी वर्षं लागली.

मी पाटी खाली ठेवली. म्हटलं, "यादीत नाव नाय, तर आम्ही तुमचं रडणं रडणार नाय." मागून एक मुलगी म्हणाली, काय उपकार विसरतात ही माणसं. मॅनेजरांनी हात जोडले, मला नाही, कॅमेऱ्याला. आम्ही चौघी उठलो. पहिली ओळ रिकामी झाली.

मला वाटलं होतं आक्का पाठीवरून हात फिरवेल. रिक्षा स्टँडपर्यंत ती पुढं पुढं चालली. तिथं म्हणाली, "एवढं तोंड तुला तवाच असतं तर, पोरी." आणि वेगळ्या रिक्षात बसली.

गारखेड्याला मी चार वेळा गेले. ठेकेदारानं एकदाच दार उघडलं. अनामत कंपनीकडं भरली, कंपनीला मागा, म्हणाला. मी म्हटलं, तुमच्या हातात दिले होते. तो म्हणाला, "कागद दाखवा." माझ्याकडं कागद नव्हता. त्याची बायको आतून ओरडली, चपला फरशीवर आणू नका म्हणून. मी फरशीवर आलेच नव्हते.

गल्लीत नळावर गेले की पोरं विचारायची, विमान आलं का? मोठ्या माणसांची हसायची पद्धत वेगळी. ती गप्प व्हायची.

कंपनी ठेकेदाराकडं बोट दाखवत होती, ठेकेदार कंपनीकडं. आक्का अनामत मागायला माझ्या दारात आली तेव्हा मलाही बोट दाखवता आलं असतं. माझेही सहा हजार बुडाले होते, खोटं काही नव्हतं त्यात. पण तिनं पैसे कंपनीला दिले नव्हते, ठेकेदाराला दिले नव्हते. मला दिले होते. मी म्हटलं, "मी देते. वेळ लागेल." पगार माझ्या हातात नव्हता, तो मी देऊ शकत नव्हते. अनामत माझ्या हातातून गेली होती.

गारखेड्याच्याच एका मेसमध्ये चपात्या लाटायला लागले. शिकायला आलेल्या पोरांची मेस. दोन्ही वेळच्या मिळून तीनशे चपात्या. आधी दोघींचे दिले. मग आक्काचे थोडे थोडे. दीड वर्ष गेलं.

मागच्या महिन्यात मेसचा मालक म्हणाला, धंदा वाढतोय, दुसरी शाखा काढतोय, तुमच्याकडच्या बायका आणा. एप्रन आणि ओळखपत्राचे हजार-हजार घेऊन या. मी लाटणं खाली ठेवलं. म्हटलं, बायका आणीन. पैसे आणणार नाही. कामाला आलेल्या बाईनं आधी पैसे द्यायचे, हे मी होऊ देणार नाही. पगाराचा कागद आधी प्रत्येकीच्या हातात द्या. ती बाई स्वतः मोजून घेईल, मधे मी राहणार नाही. तो म्हणाला, लई शहाण्या झालात. मी म्हटलं, "उशिरा झाले." तेव्हाही घसा धरला होता. तरी पूर्ण वाक्य बोलले.

आता जिथं काम करीन तिथं आधी कागद मागीन. लाज वाटली तर वाटू दे. लाजत लाजत मागीन, पण मागीन.

काल शेवटचे सातशे घेऊन आक्काकडं गेले. ती दारात गहू निवडत होती. मी त्या पत्र्याच्या खोलीबद्दल बोलायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "ते यात धरू नको." मी पैसे पुढं केले. ते माफ झालेलं नाही, आणि मी मागणारही नाही. तिनं सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले, नोटा दोनदा मोजल्या आणि म्हणाली, "सहा हजार पुरे झाले."