शर्यत बसली पंगतीला

दगडवाडीत सिद्रामप्पा कलशेट्टींच्या दारावरून न जेवता पुढं जाऊन दाखवा, मग माझ्याशी बोला. नळदुर्गापासून दोन टेकड्या आत हे गाव. तिथं विजेचं मीटर बघायला येणारा माणूस बरोबर जेवणाच्या वेळेलाच यायचा, आणि त्याचं कारण मीटर नव्हतं. म्हशींना लस टोचायला डॉक्टर आला, तर आधी डॉक्टर जेवणार, मग म्हैस ओरडणार. एकदा भाऊबंद बांधावरून भांडायला काठी घेऊन दारात आला. सिद्रामप्पांनी त्याच्या हातातली काठी घेतली, कोपऱ्यात उभी केली आणि ताट मांडलं. शेंगाची पोळी, वर तूप. भाऊबंद जेवला, सुपारी चघळत घरी गेला आणि काठी विसरला. ते भांडण अजून व्हायचंच राहिलंय.

माणूस साठीचा, अंगानं भरलेला, कपाळाला भस्माचे आडवे पट्टे, आणि स्वभाव तापट. तापट म्हणजे काय, तर समोरच्यानं ‘पुरे’ म्हटलं की यांचं डोकं फिरायचं. त्यांच्या पंगतीचा कायदाच होता. बसायचं सगळ्यांनी मिळून, आणि शेवटच्या माणसाचा शेवटचा घास होऊन सिद्रामप्पा “हं, उठा” म्हणेपर्यंत जागचं हलायचं नाही. एका लग्नात नवरदेवाचा मामा फोन आला म्हणून मधूनच उठला. त्या घराशी सिद्रामप्पांनी येणं-जाणं तोडलं. फोन कुणाचा होता, तेवढं तरी विचारावं की नाही? छे!

असल्या माणसाच्या घरात सायकल शिरली तीसुद्धा जेवणाच्याच वाटेनं.

त्यांचा मुलगा शिवपुत्र. हायवेवर टायरचं दुकान. पोट सुटलं म्हणून त्यानं सोलापुरातून एक जुनी, जाड टायरची, गिअरची, डोंगरावर चालणारी सायकल आणली. दोन-चार दिवसांत हौस फिटली आणि सायकलीवर टॉवेल वाळायला लागले. त्याची बायको शिवांजली रोज टेकडी चढून-उतरून रानात सासऱ्याची भाकरी पोचवायची. एक दिवस उशीर झाला. तिनं टॉवेल उचलले, डबा पाठीला बांधला आणि सायकल सरळ टेकडीवर घातली. खालून सिद्रामप्पा बघतात तर काय, सून पदर खोचून दगडाधोंड्यांतून उड्या मारत येतीय! त्यांनी ओरडायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिनं डबा उघडला, आणि आमटीतून वाफ निघाली. रानात गरम आमटी, आयुष्यात पहिल्यांदा! तोंड उघडलेलं होतंच, त्यात घास गेला. सायकलीला घरातून परवानगी मिळाली ती अशी. पुढं साडी जाऊन पंजाबी ड्रेस आला, ड्रेस जाऊन ट्रॅकपँट आली. पण दर खेपेला आमटी आणखी गरम यायची, त्यामुळं सिद्रामप्पा गप्प.

तुळजापूरच्या रणधीरनं तिला एकदा त्या उतारावर बघितलं. रणधीरची व्यायामशाळा होती, गळ्यात कायम शिट्टी, आणि दर रविवारी डोंगर हुडकत फिरणारं त्याचं माळरान सायकल मंडळ होतं. मंडळात मास्तर होते, नर्स होत्या, एक हवालदारीणबाई होत्या, औषधाच्या दुकानातली पोरं होती. त्यांनी दगडवाडीच्या टेकडीवर सायकलीची पायवाट पाडायचं मनावर घेतलं आणि सगळं गाव कामाला लागलं. पोरांनी बोराट्या तोडल्या, म्हाताऱ्यांनी ओढ्यात धोंडे लावले, शेजारच्या लक्ष्मीबाईंनी आपल्या पडीक रानातून वाट दिली. रविवारमागून रविवार माणसं वाढतच गेली. रणधीरला वाटलं, गावाला खेळाची गोडी लागली. काम झालं की सगळ्यांची पंगत सिद्रामप्पांच्या खळ्यात बसते, ही गोष्ट त्यानं हिशेबात धरली नव्हती.

शिवांजलीची सायकल मात्र टेकीला आली. फ्रेम दोनदा मोडली, दोनदा जोडली. वेल्डिंगवाला हात जोडून म्हणाला, “ताई, आता पुन्हा आणू नका. उतारावर मोडली तर सायकलीसंगट तुमी बी जाल.” नवीची किंमत ऐकून शिवपुत्रानं दावणीच्या म्हशीकडं बघितलं. म्हशीनं तोंड फिरवलं.

अशातच मंडळानं बायकांची डोंगर-शर्यत जाहीर केली. पहिली येईल तिला नवी कोरी गिअरची सायकल. आता शिवांजलीचं सगळं या शर्यतीवर आलं. जिंकली तर डोंगर तिचा. हरली तर डबा डोक्यावर आणि वाट पायाखाली, पहिल्यासारखी. तिची झोप उडाली. सासऱ्याची तिच्याहून जास्त उडाली. चहाच्या हॉटेलात बसून ते येईल-जाईल त्याला सांगायचे, “सायकल आमच्याच घरात यायली. कुठं ठेवायची ती जागा बी सारवून घेतलीय.”

शर्यतीची वाट गावातूनच जाणार होती. या टेकडीवरून उतरायचं, सिद्रामप्पांच्या खळ्यात पाणी प्यायचं, समोरची टेकडी चढायची आणि वरच्या महादेवाची घंटा वाजवायची. जिची घंटा आधी, ती जिंकली. पाण्याच्या जागेचे प्रमुख म्हणून रणधीरनं सिद्रामप्पांना मंडळाचं नारिंगी जाकीट दिलं, पाण्याची पिंपं दिली आणि केळ्यांच्या फण्या दिल्या.

“हे कशाला?”

“काका, एकेकीला एक केळं आणि पाणी. थांबवायचं न्हाय कुणाला.”

“एक केळं?” सिद्रामप्पांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. “अन् जेवण?”

“जेवण शर्यत झाल्यावर. हायवेच्या ढाब्यावर.”

लेकीबाळी आपल्या खळ्यातनं केळं खाऊन जाणार आणि ढाब्यावर जेवणार! सिद्रामप्पा घरात आले ते पाय आपटतच. बायकोला, महादेवीबाईंना म्हणाले, “गहू भिजत घाल. हुग्गी कर.”

हुग्गी म्हणजे गव्हाची खीर. गूळ घातलेली, वर तुपाची धार. एक वाटी खाल्ली की माणूस भिंतीला टेकतो, दुसरी खाल्ली की भिंत हलली तरी उठत नाही.

“अवो, शर्यत हाय का बारसं?” महादेवीबाई म्हणाल्या. “आपलीच सून पळायलीय, अन् तिला हुग्गी चारताव?”

“घासभर. उभ्या उभ्या. ताकद येती.”

पण उभ्यानं खाणारं माणूस सिद्रामप्पांना बघवत नाही. शर्यतीच्या सकाळी त्यांनी खळ्यात सतरंजी अंथरली. सतरंजी अंथरली म्हटल्यावर पत्रावळी मांडाव्या लागल्या. पत्रावळी मांडल्या म्हटल्यावर भाकरी, झुणका, शेंगाची चटणी आणि दही आलंच. केळी म्हशीपुढं गेली.

टेकडीवर धूळ उठली. गाव ओरडलं. एकटीच येत होती, मागं लांबपर्यंत कुणी नाही! शिवांजली होती. सिद्रामप्पांचा ऊर भरून आला. ऊर भरून आला की त्यांना एकच गोष्ट सुचते.

“बस, बस. घासभर खा.”

“मामा, शर्यत हाय!”

“पोटात काय हाय का तुझ्या? घासभर म्हणलं ना.”

लग्न होऊन आल्यापासून तिनं सासऱ्याचा शब्द कधी मोडला नव्हता, आणि भूकही लागली होती. ती टेकली. घाईघाईनं भाकरी मोडली, चार घास कोंबले आणि पत्रावळीवर हात आडवा धरला. सिद्रामप्पांनी तो हात सवयीनं बाजूला केला आणि पळीभर हुग्गी ओतली.

तेवढ्यात दुसरी आली. येडशीची सोनाली, रामलिंगाच्या जंगलात सायकल मारून तयार झालेली पोरगी. तिनं बघितलं, पुढची बाई मांडी घालून जेवतीय, आणि मंडळाचं जाकीट घातलेला माणूस वाढतोय.

“काका, इथं जेवायचा नियम हाय का?”

“हाय तर!” सिद्रामप्पा म्हणाले. त्यांच्या डोक्यात त्यांचा स्वतःचा नियम होता.

सोनाली बसली. तिच्यामागून आलेल्या बसल्या. हवालदारीणबाई तर धापा टाकत म्हणाल्या, “किती खाल्ल्यावर सोडतात?” उत्तर आलं, “पोटभर.” बघता बघता खळं भरलं. तूप फिरलं, लिंबू फिरलं, “बाई, माहेर कुठलं?” सुरू झालं, आणि डोंगर-शर्यत निवांत जेवायला बसली.

शिवांजली सासऱ्याकडं बघत होती. तिला उठायचं होतं. पण शेजारणीनं आत्ता कुठं पहिला घास घेतला होता, आणि या खळ्यात मधूनच उठणं म्हणजे काय, हे तिला सांगायला नको होतं. तिचे डोळे भरून आले. मान खाली घालून ती हुग्गीत बोट फिरवत राहिली.

सिद्रामप्पांनी ते बघितलं. मग त्यांची नजर भिंतीला टेकवलेल्या सायकलीकडं गेली, फ्रेमवरच्या त्या काळ्या जोडांकडं गेली, आणि आपण काय करून ठेवलं ते त्यांना एकदम कळलं. अरे देवा! टेकडीभर पुढं होती पोरगी. आपण स्वतःच्या हातानं तिला खाली बसवलं, आणि वरून तूप सोडलं.

“आता उठवा की तिला,” महादेवीबाई दात-ओठ खाऊन पुटपुटल्या. “तुमच्याबिगर कोण उठवणार?”

“ऊठ,” सिद्रामप्पा म्हणाले.

पंगत थबकली. गावाला वाटलं, आपण चुकून भलतंच ऐकलं.

“मामा, सगळ्यांचं व्हायचंय अजून.”

“ऊठ म्हणतो ना! सायकल घे अन् जा.”

“पंगत मोडंल की.”

“न्हाय मोडत. तुझ्या जागी म्या बसतो.”

आणि बसलेच. नारिंगी जाकीट घातलेला तो भारदस्त माणूस सुनेच्या पत्रावळीपुढं मांडी घालून बसला आणि तिनं टाकलेल्या हुग्गीत त्यानं हात घातला. सासऱ्यानं सुनेचं उष्टं खाल्लं! लक्ष्मीबाईंनी तोंडाला पदर लावला. शिवांजली खरकट्या हातानंच हँडल धरून सुटली.

सोनाली अर्धी उठली होती. सिद्रामप्पांनी तिच्याकडं बघितलं. बस म्हटलं असतं तर ती बसली असती. जाकीट होतं ना अंगात. तोंडावर आलंही होतं. पण ते म्हणाले, “पोरी, जेवायचा नियम शर्यतीचा न्हाय, माझा हाय. चूक माझी झाली. जायचं तर तू बी जा.”

सोनालीनं टेकडीकडं बघितलं, पत्रावळीकडं बघितलं आणि पुन्हा खाली बसली.

“ती आली तवा म्या त्या टेकडीच्या पल्याड व्हते, काका. तिची धूळ बी दिसत नव्हती. तेवढं पुढं तिला जाऊ द्या. तुमचं झालं की उठू.”

“मला तर अजून एक पळी पायजे,” हवालदारीणबाई म्हणाल्या.

एवढ्यात वाट बघून कंटाळलेला रणधीर मोटारसायकलवर आला. खळ्यातलं दृश्य बघून त्यानं शिट्टी तोंडात धरली, पण वाजवायची कशासाठी ते त्याला कळेना. महादेवीबाईंनी त्याच्यापुढं पत्रावळी सरकवली.

सिद्रामप्पांनी शेवटचा घास गिळला. “हं, उठा.”

सगळ्या उठल्या, म्हणजे उठायला लागल्या. कुणी गुडघ्यावर हात ठेवून, कुणी शेजारणीला धरून. सोनाली मात्र तीरासारखी गेली. सिद्रामप्पा जागचे हलले नाहीत. त्यांना बघायचा धीरच होईना. महादेवीबाई शिडीवरून घराच्या माळवदावर चढल्या आणि तिथून सांगायला लागल्या.

“आपली निम्म्यात हाय… सोनाली बी लागली चढाला… अवो, लई जोरात यायलीय ती… भिडली, भिडली!”

“अन् आपली?”

“उतरली. हातात धरून चालायलीय.”

“मेलो!”

“थांबा. सोनाली बी उतरली. दोघी बी पोट धरून चालायल्यात.” महादेवीबाई हसायलाच लागल्या. “तुमची हुग्गी चढू देईना कुणाला.”

घंटा वाजली.

“कोण?” सिद्रामप्पांनी डोळे मिटले. “अगं, कोण?”

महादेवीबाई शिडी उतरून आल्या. रिकाम्या पंगतीतून चालत येऊन सिद्रामप्पांच्या शेजारी बसल्या आणि एक कोरी पत्रावळी त्यांनी आपल्यापुढं ओढली.

“शिवांजलीच,” त्या म्हणाल्या. “आता मला वाढा. सकाळपासनं पोटात काय न्हाय.”

सिद्रामप्पा आनंदानं उडी मारून उठले, पळी घेतली आणि पातेल्यात घातली. पळी बुडाला खणकन वाजली. कडेला करपलेली खरवड तेवढी राहिली होती.

“संपली की गं!”

“ठाव हाय मला. रोज तीच खरवड असती माझ्या वाटणीला. वाढा.”

सिद्रामप्पा पळी हातात धरून तसेच उभे राहिले. साऱ्या मुलखाला बळजबरीनं वाढलं, आणि घरातल्या बाईपुढं काय येतं ते एकदासुद्धा बघितलं नाही. लाज वाटली त्यांना, चांगली कानापर्यंत.

शिवांजली नवी सायकल ढकलत खळ्यात आली तेव्हा तिला ओवाळायला दारात कुणीच नव्हतं. सासूबाई सतरंजीवर ऐसपैस बसल्या होत्या. सासरे चुलीपुढं उकिडवे बसून फुंकणी फुंकत होते. भस्म, धूर आणि राख मिळून चेहरा ओळखू येत नव्हता.

“मामा, काय करायलाव?”

“हुग्गी.”

“येती का तुमाला?”

“न्हाय,” सिद्रामप्पा खोकत म्हणाले. “ती सांगायलीय, म्या करायलोय. बस तिच्यापाशी. वेळ लागंल.”