भावाचा उपास

आमच्या घरात वयात आलेल्या लेकीवर बापानं हात उचलायचा नाही, अशी रीत होती. लेक म्हणजे लक्ष्मी, तिला मारलं तर बापाला पाप लागतं. म्हणून तिला मार बसत नव्हता असं नाही. ते काम थोरल्या भावाकडं यायचं. आप्पा भिंतीला टेकून नुसते माझ्याकडं बघायचे आणि मी उठायचो.

वळसंगची शेती सोडून आम्ही सोलापुरात आलो होतो. आप्पा आणि मी एकाच मागावर पाळीनं काम करायचो. धाकटी बहीण मॅट्रिक झाली होती. तिला नर्स व्हायचं होतं आणि घरातून तिला पुढं कुणी शिकवणार नव्हतं. सैन्याच्या दवाखान्यात मात्र शिक्षण फुकट होतं, राहणं-जेवणसुद्धा. बदल्यात शिकून झाल्यावर पाच वर्षं सैन्यात नोकरी करायची. शाळेतल्या बाईंच्या मदतीनं ती परीक्षा देऊन आली, मुलाखतही देऊन आली. राहिली होती ती फक्त डॉक्टरी तपासणी, पुढच्या आठवड्यात, पुण्याला. तेव्हा तिनं घरात सांगितलं.

तो नागपंचमीच्या आदल्या दिवसाचा, भावाच्या उपासाचा दिवस होता. माझ्यासाठी ती सकाळपासून पाण्यावर होती.

आप्पा म्हणाले, "पाच वर्षं लेक सरकारला लिहून द्यायची? म्हस हाय व्हय ती?"

"म्हशीचा बाजार तुमीच मांडलाय की, आप्पा. जेऊरची सोयरीक ठरवून मला न इचारता देऊन टाकली."

आमच्याकडंच राहणारी आत्या चुलीपुढून बोलली, "परक्या बाप्यांची अंगं पुसायची आन् त्याला शिक्षान म्हणायचं! लई झ्याक."

"मामांचं अंग लुळं पडलं तवा तू काय करत हुतीस, आत्या?"

"ते माजं कुंकू हुतं, भवाने!"

"मग जवानबी कुणाचं तरी कुंकूच असत्यात की."

आप्पांनी माझ्याकडं बघितलं.

मी पहिली थोबाडीत मारली. ती पडली नाही. केस धरून ओढलं, तेव्हा तिनं खिडकीची चौकट धरली. खिडकी उघडी राहावी म्हणून मागावरचा एक झिजलेला धोटा तिथं लावलेला असायचा. हातभर लांब, टणक लाकूड, दोन्ही टोकांना लोखंड. तो माझ्या हातात आला. तिनं उजवा हात तोंडापुढं धरला. मागावर काम करणाऱ्याला तुटण्याचे आवाज ओळखता येतात. मला तो ओळखता आला. त्यानंतरही मी दोनदा मारलं.

दुसऱ्या दिवशी पंचमी. त्या दिवशी विळीवर काही चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, जमीन खणायची नाही. नागाला इजा होऊ नये म्हणून आमच्यात हे सगळं काटेकोर पाळतात. आईनं उकडलेली दिंडं केली. सुजून काळानिळा झालेला हात मांडीवर घेऊन बहीण कोपऱ्यात बसली होती.

आई आणि मी तिला नव्या पेठेच्या मागं हाडवैद्याकडं घेऊन गेलो. त्यानं मला तिचे खांदे दाबून धरायला सांगितले आणि मनगट ओढलं. ती ओरडली नाही. माझ्या दंडाला चावली, रक्त येईपर्यंत. मी हात काढून घेतला नाही. वैद्य पट्टी बांधायला लागला तेव्हा तिनं विचारलं, "हात सरळ हुईल?"

"पोळ्या लाटशील की झकास."

"पोळ्या न्हाय. सुई धरता येईल का?"

घरी आल्यावर आई मला म्हणाली, "तू मोडलास, तूच पुण्याला घेऊन जा." आई आप्पांसमोर असं बोललेली मी पहिल्यांदाच ऐकली. आप्पांनी तिला लाथेनं तुडवलं. बायकोला मारायला कसलीच रीत आड येत नव्हती. मी बघत बसलो.

पुण्यात तपासणीला गणवेशातल्या एक डॉक्टरबाई होत्या. पट्टी बघून त्यांनी विचारलं, "कसं झालं?"

"जिन्यावरनं पडली," मी घाईघाईनं म्हणालो.

"न्हाय," बहीण म्हणाली. "ह्यानं मारलं. धोट्यानं."

बाईंनी मला बाहेर काढलं. हाड जुळल्यावर पुन्हा तपासू, असं त्यांनी तिला सांगितलं. सरळ जुळलं तर प्रवेश, नाहीतर नाही. ती माझ्याबरोबर परत आली नाही, पुण्यातच मावशीकडं राहिली. म्हणाली, "घरी आले तर आप्पा परत तुज्याकडं बघतील."

जेऊरचं लग्न मोडलं. त्याचाही मार आईनंच खाल्ला.

दिवाळीनंतर दुसऱ्या तपासणीच्या दिवशी आईनं मला लाडवांचा डबा देऊन पाठवलं. दवाखान्याच्या फाटकावर मी उभा राहिलो. तासाभरानं ती बाहेर आली. मनगटाजवळ हाड थोडं वर आलेलं दिसत होतं, पण मूठ घट्ट वळत होती. तिनं ती मला वळवून दाखवली.

"घेतलं त्यांनी," ती म्हणाली. "आप्पांना सांग, लेक सरकारला लिहून दिली. आता हात लावलास तर सरकारला जाब द्यावा लागंल, दादा."

मी मान हलवली. आईचा डबा द्यायला मी हात पुढं केला.

तिचा उजवा हात झटकन वर गेला, तोंडापुढं. फाटकावरचा शिपाई आमच्याकडं बघायला लागला. मी डबा खाली जमिनीवर ठेवला आणि दोन पावलं मागं सरलो. मग तिनं तो उचलला.