शिवणवर्गाची खोली कुणाच्या ताब्यात

आमच्या महिला मंडळाचा शिवणवर्ग एका प्राथमिक शाळेच्या मागच्या खोलीत भरतो, म्हणजे भरत असे. सत्त्याहत्तरच्या मार्चमध्ये ती खोली मतदानासाठी घेतली गेली. आदल्या दिवशी मी सातही मशिनी भिंतीला लावल्या, त्यांच्यावर चादरी टाकल्या, तेलाच्या कुप्या कपाटात ठेवल्या आणि परवा दुपारी वर्ग आहे, झाडून ठेव, असं शिपायाला बजावलं.

वर्ग भरला नाही. मतदानाच्या दुपारी काही माणसं खिडकीचा गज वाकवून आत शिरली आणि अधिकाऱ्याला कोपऱ्यात बसवून मतपत्रिकांवर शिक्के मारत सुटली. दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप, कुलपावर फडकं आणि फडक्यावर लाख. पंचनामा पुरा झाला की आठ दिवसांत खोली तुमची, असं फौजदार म्हणाले.

मी आठ दिवस आखून टाकले. कटिंग, हेमिंग, काजं-बटणं, ज्याला मशीन लागत नाही ते सगळं व्हरांड्यात घ्यायचं. ते संपलं, कुलूप तसंच राहिलं. मग झबली आणि फ्रॉक जुन्या वर्तमानपत्रांवर पुन्हा कापले. जूनपर्यंत मुलींनी इतका कागद कापला की शाळेच्या मुख्याध्यापकांनी कचऱ्याबद्दल तक्रार केली.

घाई सगळ्यांनाच होती, पण एकीची निराळी होती. विणकराच्या घरातली, नवऱ्यानं सोडलेली, भावाकडे राहणारी बाई. मंडळाला सकाळी दुसरा वर्ग काढायचा होता आणि त्याला शिक्षिका हवी होती. सरकारी परीक्षा पास झालीस तर ती जागा तुझी, असं मी तिला सांगून ठेवलं होतं. भावजयीनं मात्र दिवाळीपर्यंतच दम धरला होता. त्यानंतर घरातल्या बाकीच्या बायकांसारखं विड्या वळायला बसायचं. विड्या तिला उत्तम येत होत्या. नको होत्या.

जूनमध्ये फौजदार खोली उघडायला तयार झाले आणि त्याच आठवड्यात, आमच्याकडच्या एका उमेदवारानं दिल्लीला अर्ज केल्याचं कळलं. दिल्लीत सरकार बदललं होतं, मुंबईत जुनंच होतं. इथले पोलीस आपल्याच माणसांना सांभाळून घेतात, तेव्हा तपास केंद्राच्या खात्याकडे द्या, असा त्याचा अर्ज. आमच्या हद्दीतला गुन्हा आमचे पोलीस बघतील, असं मुंबईचं म्हणणं.

फौजदारांनी शब्द फिरवला. "बाई, आज मी लाख फोडली आणि उद्या तपास तिकडं गेला, तर म्हणतील पुरावा बिघडवला. मला नोकरी हाय की."

खोली राहू द्या, मशिनी तेवढ्या द्या, असं मी म्हटलं. मशीनचं डोकं स्टँडवरून सुटतं, त्या वाकलेल्या गजातून एकेक बाहेर काढून घेते. फौजदारांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. तो वाकलेला गज हाच त्यांचा मुख्य पुरावा होता.

पावसाळा संपता संपता केंद्राच्या खात्याचे एक अधिकारी येऊन डाकबंगल्यावर उतरले. मी त्या विणकराच्या घरातल्या बाईला बरोबर घेऊन गेले. गृहस्थ सभ्य होते. राज्यानं संमती दिल्याशिवाय हा तपास हातात घेता येत नाही, हे त्यांनी नीट समजावून सांगितलं. संमती मागितली होती. ती मिळाली नव्हती, नाकारलीही गेली नव्हती. ते नुसती माहिती घ्यायला आले होते. मग खोली कुणाच्या ताब्यात, असं मी विचारलं. अर्थातच स्थानिक पोलिसांच्या, ते म्हणाले. फौजदार काय म्हणतात ते मी सांगितलं, तर त्यांची सावधगिरी अगदी योग्य आहे, म्हणाले. निर्णय होईपर्यंत कुणी काही हलवू नये. आणि निर्णय झालाच नाही तर? त्यांनी आमच्यासाठी चहा मागवला.

तिनं चहा संपवला. कप खाली ठेवून म्हणाली, "साहेब, शिक्के कुणी मारले ते तुमी हुडका, न्हायतर त्यांना हुडकू द्या. आमच्या मशिनींनी कुणालाच मत दिलं न्हाय की."

साहेब मनापासून हसले. हसण्यानं कुलूप उघडत असतं तर मी त्यांना तिथंच मुक्कामाला ठेवून घेतलं असतं.

मला दोन्ही बाजू कळत होत्या. इथल्या तपासावर विश्वास नसेल तर बाहेरचा माणूस हवा. पण दिल्लीत ज्याचं राज्य येईल त्यानं वाटेल तो तपास उचलून न्यावा, हेही बरं नाही. मात्र हो किंवा नाही यातलं एक उत्तर द्यायला काय हरकत होती, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

शेवटी शाळेसमोरचे शिंपीचाचा मदतीला आले. दुपारी नमाजाला आणि जेवायला जाताना ते आपलं मशीन आम्हाला देऊन जात. मी पाळ्या लावल्या. तिनं इतरांच्या गैरहजेरीतल्या पाळ्याही उचलल्या, दुसऱ्या एका मंडळाच्या केंद्रावर परीक्षा दिली आणि पास झाली. मी मंडळाच्या सभेत तिच्या नेमणुकीचा ठराव मांडला. तो एकमतानं मंजूर झाला, फक्त खजिनदारबाईंनी एक ओळ घातली: 'खोली ताब्यात आल्याच्या दिवसापासून'.

नेमणुकीचं पत्र तिनं घरी वाचून दाखवलं. भावजयीनं एवढंच विचारलं, "म्हणजे कंदी?"

दिवाळी झाली आणि ती विड्या वळायला बसली. दुपारी मात्र पानं-तंबाखूचं सूप घेऊन आमच्या व्हरांड्यात येते, सील केलेल्या दाराला पाठ टेकून वळत बसते. हे बिनपगारी आहे, येऊ नकोस, असं मी तिला दोनदा बजावलं.

"मुंढा खोल गेला," परवा एका मुलीनं कागदावर कापलेल्या बाहीच्या गोलाईकडे बघून ती म्हणाली. "परत काप." पानात तंबाखू भरणारा हात तिनं थांबवला नव्हता.