सयाजी कंडक्टरचा इंग्लंड दौरा

क्रिकेटमधलं मला काही कळत नाही, आणि कळावं अशी इच्छाही कधी झाली नाही. अकरा जण उन्हात उभे राहतात, दोघे जण खेळतात आणि बाकीचे आत बसून चहा पितात, याला खेळ का म्हणायचं हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही. तरीसुद्धा १९७४ सालचा आपल्या टीमचा इंग्लंड दौरा मला सामन्यागणिक पाठ आहे. त्याचं कारण सयाजी कंडक्टर.

मी तेव्हा साताऱ्याला पाटबंधारे खात्यात कारकून होतो आणि राहायला मेढ्यात. सकाळी नवाला मेढ्यात येणारी गाडी सव्वानवाला परत फिरायची, तिनं खाली जायचं आणि संध्याकाळी साडेपाचच्या मुक्कामी गाडीनं वर यायचं, असा माझा क्रम. दोन्ही गाड्यांवर सयाजीच असायचा; मेढ्यात मुक्काम करून पहाटे तो गाडी साताऱ्याला न्यायचा आणि नवाला परत यायचा. मूळचा तो सांगलीचा, हळदपेठेतल्या एका हमालाचा मुलगा. तिथल्या कॉलेजच्या मैदानाबाहेर उभं राहून राहून त्याला क्रिकेटचं वेड लागलं होतं. स्वतः त्यानं बॅट कधी हातात धरली नव्हती, पण ते वेड काही कमी झालं नाही.

त्या रस्त्यावरच्या गावांना पोस्टापेक्षा सयाजी बरा वाटायचा. पत्र वाचून घ्यायला कोणीतरी शोधावं लागतं, सयाजी स्वतःच बोलायचा. पाव्हणे मुलगी बघायला कधी येणार, साताऱ्याच्या दवाखान्यात कोणाची तब्येत कशी आहे, असे सगळे निरोप त्याच्या तोंडून जात. आता, आमच्याकडे वाईट बातमी कोणी सरळ सांगत नाही. माणूस गेलेला असला तरी निरोप जातो तो "जरा नाजूक हाय, येऊन जावा" असा. सयाजीच्या हे इतकं अंगवळणी पडलं होतं की, कोंडवाड्यात घातलेल्या म्हशीच्या मालकालाही तो म्हणाला होता, "म्हस खुशाल हाय, चार दिस सरकारी पाव्हणचार घेतीया."

मेढ्याच्या स्टँडवर पत्र्याखालच्या बाकड्यावर रोज संध्याकाळी त्याची वाट बघत बसायचे सुभेदार हंबीरराव. फौजेतून निवृत्त झालेले. पलटणीत साहेब लोक क्रिकेट खेळत तेव्हा यांना सीमेवर चेंडू अडवायला उभं करत, तिथून हे दुखणं जडलेलं. पावसाळ्यात मेढ्यातल्या रेडिओंमधून खरखरीशिवाय काही निघत नसे. साताऱ्याच्या स्टँडवरच्या चहावाल्याचा रेडिओ मात्र लंडन धरायचा, आणि गाडी सुटेपर्यंत सयाजी त्याला कान लावून बसायचा. तो जो स्कोर आणील तोच मेढ्याचा स्कोर.

पहिली कसोटी आपण हरलो. ते सयाजीनं नीट सांगितलं, सुभेदारांनीही सोसलं. मग आली दुसरी. इंग्लंडनं सहाशेच्या वर धावा केल्या होत्या आणि आपल्याला पुन्हा खेळायला लावलं होतं. जूनमधला सोमवार होता. मी सव्वापाचला साताऱ्याच्या स्टँडवर आलो, तर सयाजी टोपी हातात घेऊन उभा.

"भाऊसाहेब, समदे गेले," तो म्हणाला.

मला वाटलं, कुठं तरी अपघात झाला. "किती जण?"

"नऊ. एकाचा हात दुखावलाय, त्यो आलाच न्हाई. बेचाळीस रनात समदा कारभार आटपला."

"बेचाळीस कमी असतात का?" मी विचारलं. त्यानं माझ्याकडे असं काही पाहिलं, की मेढं जवळ येईपर्यंत मी पुन्हा तोंड उघडलं नाही.

पुढं जे झालं ते मी त्याच्या मागच्या सीटवर बसून ऐकलं. कोंडव्याला चढणाऱ्या एकानं विचारलं, "काय स्कोर, सयाजी?" सयाजी जन्माच्या सवयीनं म्हणाला, "जरा नाजूक हाय." तिथंच थांबला असता तर बरं होतं. कण्हेरला तो म्हणाला, "चौघं गेल्यात, पर बाकीचं धरून हायत." पुढच्या चढावर गाडीतल्या एका म्हाताऱ्यानं सहज विचारलं, तर त्याला शंभर रन मिळाले. मेढ्याच्या अलीकडे मी त्याला म्हटलं, "सयाजी, आता आवर."

"भाऊसाहेब, सुभेदार तितं बाकड्यावर बसलं असत्याल. त्यास्नी बेचाळीस कसं सांगू, तुमीच सांगा."

मेढ्यात उतरेपर्यंत आपले दोनशेला चार झाले होते. "उद्याचा दिस काढला की बरोबरी," असंही त्यानं वर सांगून टाकलं. सुभेदारांनी त्याची पाठ थोपटली आणि स्टँडवर होत्या तेवढ्या सगळ्यांना भजी खाऊ घातली. मीही खाल्ली. खोटी होती हे माहीत असून खाल्ली, आणि चांगली होती.

सयाजीच्या एक गोष्ट लक्षात आली नव्हती. दुसऱ्या दिवशीचे पेपर मेढ्याला आणणार कोण, तर सयाजीच. सकाळी नवाच्या गाडीतून तो उतरला आणि म्हणाला, "पेपरची गाडी चुकली." मी गाडीत चढलो तेव्हा त्याच्या सीटखाली पोत्यानं झाकलेला गठ्ठा मला दिसला. पण त्याच गाडीतून हायस्कुलातले एक मास्तर स्वतःचा पेपर वाचत उतरले आणि पेपरची वाट बघत बसलेल्या सुभेदारांच्या शेजारी जाऊन बसले. मग व्हायचं ते झालं.

सुभेदारांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं. "मास्तर, ह्ये बेचाळीस एका गड्याचं का समद्यांचं?"

"समद्यांचं," मास्तर म्हणाले.

सुभेदार सयाजीला काही बोलले नाहीत. नुसते बाकड्यावरून उठले आणि घरी गेले. ते सयाजीला फार लागलं, कारण शिव्यांची त्यानं तयारी ठेवली होती.

त्यानंतर तीन आठवडे रस्त्याला दुसरा विषय नव्हता. सुटे पैसे परत दिले की लोक ते पुन्हा मोजत. गाडी किती वाजता पोचेल असं कोणी विचारलं की दुसरा सांगे, "सयाजी म्हणंल त्यात एक तास मिळव." तिसऱ्या कसोटीत आपण एकशे पासष्ट केले. सयाजीनं अगदी खरं सांगितलं, तर लोकांनी त्यातून शंभर वजा केले आणि पासष्टाचं दुःख केलं. पुढं एका दिवसाचे सामने लागले. असलं काही आधी कोणी ऐकलं नव्हतं. पहिला हरलो म्हणून सयाजीनं सांगितलं तेव्हा एक जण म्हणाला, "म्याच कालच सुरू झाली, अजून चार दिस ऱ्हायल्यात. आता हरल्याचं बी खोटं सांगाया लागला व्हय रं?" सुभेदार बाकड्यावर येऊन बसत होते, पण स्कोर विचारत नव्हते.

इथवर सगळी गंमतच होती. पुढची गोष्ट अंबूबाईची.

अंबूबाई स्टँडवरच्या हॉटेलाला दूध घालायची. तिची मुलगी शालू बाळंतपणासाठी साताऱ्याच्या दवाखान्यात होती. जावई फौजेत, लांब. शालूजवळ तिची नणंद आणि सासू होत्या, आणि अंबूबाईला जनावरं टाकून जाता येत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी शालूचं पहिलं बाळ जन्मताच गेलं होतं. तेव्हा एका नातेवाइकानं निरोप आणला होता, "दोघं बी बरी हायत, सवडीनं या." अंबूबाई डिंकाचे लाडू घेऊन गेली आणि तसेच परत घेऊन आली. ते लाडू पुढं कोणी खाल्ले नाहीत.

जुलैच्या मध्यावर एका सकाळी गाडी आली. सयाजी पेपरचा गठ्ठा काखेत मारून दारातूनच म्हणाला, "मावशी, नात झाली. दोघी बी बऱ्या हायत."

अंबूबाईनं दुधाची किटली खाली ठेवली. त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ह्यातनं किती वजा करू रं, लेकरा?"

लोक हसले, आणि मग तिच्या तोंडाकडे पाहून सुभेदारांनी बाकड्यावर सरकून तिला जागा केली.

"मावशी, आईच्यान खरं हाय."

"मागल्या टायमाला बी ह्येच म्हणालं हुतं. दोघं बी बरी हायत." ती सुभेदारांच्या बाकड्यावर बसली. "पोरगी हाय का गेली तेवढं सांग. मी काय बी म्हणणार न्हाई."

सयाजीचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही. खरी, चांगली बातमी हातात होती आणि ती घ्यायला कोणी तयार नव्हतं. मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त त्याची दया आली. एवढ्यात त्यानं गठ्ठ्याची सुतळी तोडली आणि एक पेपर सुभेदारांच्या हातात दिला.

"आबा, मी बोलतो, तुमी पेपरात बघत ऱ्हावा. एका दिसाची दुसरी म्याच बी आपुन हरलो. एकशे एकाहत्तरात समदे गेले, त्येंनी सहा गडी राखून मारली. पहिली चार गडी राखून मारली हुती. त्याआदी तीन कसोट्या, तिन्ही गेल्या. त्येंच्या देशाच्या टीमसंगं आपुन एक बी म्याच जिकली न्हाई. व्हय का न्हाई?"

सुभेदारांचं बोट ओळीवरून सरकलं. "बरोबर हाय," ते म्हणाले. "समदं हरलोय."

"आता नातीचं ऐका, मावशी. वजन कमी हाय. धा दिस ठिवून घेणार म्हणत्यात. शालूताईचं रगत लय गेलंय, बाटली लावलीया. रातभर वरडली, नणंदेला नाही नाही त्या शिव्या घातल्या. नणंद रुसून भाईर बसलीया, तिनंच मला समदं सांगितलं. आन पोरगी झाली म्हणून सासूनं तोंड वाकडं केलंया. अजून बाळ हातात घेतल्यालं न्हाई."

अंबूबाईनं मान वर केली. "सासूनं घेतल्यालं न्हाई?"

"न्हाई."

"तोंड वाकडं केलं?"

"लय वाकडं."

"मग खरं हाय," अंबूबाई म्हणाली. "ती भवानी हायच तशी." आणि पदर तोंडाला लावून ती रडायला लागली.

पाणी अडवणं हे आमच्या खात्याचं काम, पण त्या सकाळी मला काही ते जमलं नाही. मास्तरही दुसरीकडे बघत होते. सुभेदारांनी दुधाची किटली उचलली, स्वतः हॉटेलात नेऊन दिली आणि जनावरांकडे आपण बघतो म्हणाले. परत येऊन त्यांनी अंबूबाईला गाडीच्या दारापाशी नेलं. "सयाजी, म्होरल्या शिटावर बशिव हिला," ते म्हणाले. तीन आठवड्यांत त्यांनी त्याला पहिल्यांदा नावानं हाक मारली होती. सयाजीनं "व्हय, आबा" म्हणून दोनदा घंटी दिली.

कण्हेरला गाडी थांबली. खाली उभ्या असलेल्या एकानं सवयीनं हाक मारली, "काय सयाजी, काय स्कोर?" सयाजीनं तोंड उघडलं, पण त्याच्या आधी अंबूबाईनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"समदं हरलोय," तिनं सांगितलं, "आन मला नात झालीया."