सोडा म्हणजे काय

मी ज्या कारखान्यात होतो, तिथेच माझी आत्या पत्र्याची झाकणं ठोकणाऱ्या प्रेसवर सव्वीस वर्षं होती. एक घाव दोन तुकडे असा तिचा स्वभाव. तिच्या तोंडाला लागायची सुपरवायझरचीही छाती नव्हती.

भिंतीपलीकडे सर्किटं बनवणारा कारखाना होता. त्यांचं नि आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य. फाटक एकच, त्यातून आधी गाडी कुणाची यावरून दोनदा डोकी फुटली होती. एकदा तर आत्यानेच त्यांच्या ड्रायव्हरच्या पाठीत पाना घातला होता. तरी मालक मालक एक झाले. त्यांना मिळून डोळा असलेला प्रेस काढायचा होता: हात आत दिसला की आपोआप थांबणारा. लोखंड आमचं, डोळा त्यांचा. एकट्याने तो दोघांनाही जमला नसता, हे मी मान्य करतो. पण सह्या झाल्या त्या मालकांच्या. आम्हाला आणि त्यांना एका बाकावर बसवावं, असं एकाही शहाण्याला सुचलं नाही.

डोळा बसवायला त्यांचा वायरमन आला, पंचविशीचा पोरगा. तो प्रेसच्या मागून, पेडल दाबलं की वरून आदळणाऱ्या ठोकळ्याखाली हात घालून तार ओढत होता. आत्याला पुढून त्याचा हात दिसत नव्हता. तिचा पाय पेडलवर टेकलेला पाहून तो म्हणाला, "सोडा, मावशी."

त्यांच्याकडे सोडा म्हणजे पाय काढा. आमच्याकडे सोडा म्हणजे ठोकळा खाली सोडा. आत्याने सोडला.

तीन बोटं गेली. आवाज झाकण ठोकल्यासारखा, रोजचाच आला. मग तो किंचाळला. त्यांच्यातलं कुणीतरी "मुद्दाम केलं हिने" म्हणालं आणि हाणामारी जुंपली. सळ्या, पाने, हाताला येईल ते. मी एकाचे दात पाडले आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. आत्या या कशातच नव्हती. ती पोराचं मनगट दोन्ही हातांनी आवळून रक्त थांबवत होती. तिच्या खांद्यावर सळी बसली, हाड मोडलं, तरी तिने मनगट धरूनच ठेवलं.

मालक काम गुंडाळायला निघाले. पाचव्या आठवड्यात वायरमन स्वतःहून आला. "हे अर्धवट राहिलं तर माझी बोटं फुकट गेली," म्हणाला. त्याचा एकच हात कामाचा, आत्याचा एक झोळीत. तो तारा जोडायचा, ती स्क्रू धरायची. दोघं एकमेकांशी गोड मुळीच बोलत नव्हती. फक्त प्रत्येक शब्दाला थांबून विचारायची, "म्हणजे काय?"

डोळा तयार झाला. चाचणीला सुपरवायझरने लाकडाची फळी आणली. आत्याने ती बाजूला सारली, स्वतःचा धड हात ठोकळ्याखाली ठेवला आणि वायरमनला म्हणाली, "पेडलवर तू ये."

मी तिला ओढायला धावलो. त्याआधीच त्याने पाय दिला, सगळा भार टाकून. ठोकळा सुटला आणि तिच्या हाताच्या वीतभर वर थांबला.

पोरगा मटकन खाली बसला. त्याला हुंदके आवरेनात. "मावशी, दाबताना मला वाटत होतं, हा थांबूच नये."

"ठाऊक आहे मला," आत्या म्हणाली. "मनात माया ठेवून दाबलं असतंस, तर ती चाचणी कसली?"