डी ड्राइव्ह मागे सरकवली तेव्हा

अमरावतीत ज्या दुकानात मी टायपिंगला होते, तिथे एकच कॉम्प्युटर होता. मालक साठीच्या पुढचे मुसलमान गृहस्थ. सगळे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणायचे. तरुणपणी ते उर्दूचे कातिब होते, म्हणजे छपाईसाठी बोरूने सुबक मजकूर लिहून देणारे. ते काम आटलं तेव्हा त्यांनी छपाईचं एक छोटं मशीन, कागद कापायचं एक मशीन आणि हा कॉम्प्युटर घेतला. मराठी मी टाइप करायचे. उर्दू लग्नपत्रिका आली की चाचा अजूनही टेबलावर वाकून हाताने लिहायचे आणि तो कागद मराठी मजकुराशेजारी डिंकाने चिकटवायचे.

शेतीची वाईट वर्षं होती ती. कापसाचं बिनसलं की ते आमच्या टेबलापर्यंत पोचायचं. एकाच पत्रिकेत दोन बहिणींची लग्नं छापून घ्यायला लोक यायचे. त्याच दिवसांत अकोल्याच्या एका कॉलेजात गृहविज्ञान शिकवणाऱ्या मॅडम आमच्याकडे यायला लागल्या. दर्यापूर आणि अकोट या दोन तालुक्यांत त्या घरोघरी जायच्या आणि एकच गोष्ट विचारायच्या: आज काय शिजवलं? सकाळी काय, संध्याकाळी काय, महिनाभर रोज. बायका सांगत त्या शब्दांत त्या वहीत लिहून घेत. अकोटच्या काही मुसलमान घरांत मुलींनी उर्दूत लिहून दिलं होतं. मॅडमना याचं पुस्तक करायचं होतं, दोन्ही लिप्यांत. दोन्ही एका जागी करून देणारं दुकान त्यांना आमचंच सापडलं.

एकदा त्यांनी पर्समधून एक सीडी काढून टेबलावर ठेवली. कॉलेजातल्या कोणीतरी परदेशातून टपालाने फुकट मागवली होती. वर लिहिलं होतं लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी कॉम्प्युटर चालवणारी दुसरी व्यवस्था.

"यात म्हणे मराठी आणि उर्दू एकाच पानावर लिहिता येतं," मॅडम म्हणाल्या.

चाचांनी सीडी उलटून पाहिली. "एकाच पानावर? एक डावीकडून जाते, एक उजवीकडून येते. मधात भिडतीन ना."

"मला काय माहीत. करून पाहा."

सीडीसोबत नऊ पानांची इंग्रजी माहिती होती. ती मी घरी नेली. आई बाजारात भाजी विकायची. तिच्या उरलेल्या मेथीच्या जुड्या निवडता निवडता मी ती पानं डिक्शनरी घेऊन वाचली. अडचण अशी होती की विंडोज काढून टाकता येत नव्हतं. आमचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर त्यावरच चालायचं. पण सातव्या पानावर लिहिलं होतं की दोन्ही एकाच डिस्कवर राहू शकतात. कॉम्प्युटर सुरू करताना विचारतो, आज कोणतं? ते वाचल्यापासून मला चैन पडेना. एकच यंत्र, तोच पडदा, तोच कीबोर्ड, आणि आत दोन वेगळ्या व्यवस्था. आपण एकीत बसलेलो असताना दुसरी कुठे असते?

दुसऱ्या दिवशी चाचांना समजावून सांगितलं. डिस्कचे दोन भाग होते, सी आणि डी. डीमध्ये आमचं सगळं काम होतं, पण अर्धी डी रिकामी होती. ती मागे सरकवायची, म्हणजे लहान करायची, आणि सुटलेल्या जागेत लिनक्स टाकायचं.

चाचांनी कापायच्या मशीनकडे पाहिलं. "म्हणजे कागद कापायच्या आधी मजकूर कडेपासून आत घेणं. आणि मजकूर कडेलेच असला तर?"

"तर कापला जाईल. म्हणून आधी सगळा मजकूर एका बाजूला गोळा करायचा."

"मग पहिले मॅडमले विचार. तिचा मजकूर आहे त्यात."

मी पीसीओवरून अकोल्याला फोन लावला. मॅडमनी शांतपणे ऐकलं. "कॉपी काढून ठेव. आणि गेलंच काही तर वह्या आहेत माझ्याकडे. परत टाइप करशील." करशील, म्हणजे मीच करायचं होतं. मी सगळं फ्लॉप्यांवर उतरवलं. तपासून पाहिलं तर दोन फ्लॉप्या उघडत नव्हत्या. दुकानातल्या नव्या फ्लॉप्या संपल्या होत्या. त्या दोन मी डब्यात तशाच ठेवल्या आणि चाचांना बोलले नाही. माझी उत्सुकता इतकी वाढली होती की थांबवत नव्हतं. हे आज लिहिताना बरं वाटत नाही.

मजकूर गोळा करायचं काम विंडोजच करायचं. पडद्यावर हजारो बारीक चौकोन यायचे, आणि एकेक चौकोन एका जागेवरून उठून दुसरीकडे बसायचा. त्यात तीन सकाळी गेल्या, कारण लोडशेडिंग होतं. आमच्या भागात सकाळी सहा ते नऊ आणि दुपारी पुन्हा लाइट जायची. मधले साडेतीन-चार तास काय ते आमचे. चाचा स्टूल ओढून माझ्या शेजारी बसायचे आणि ते चौकोन बघायचे. "हा कावून मागे राहिला?" असं एखाद्या चौकोनाकडे बोट दाखवून विचारायचे. मला माहीत नसायचं. मग दोघं मिळून त्याच्यावर नजर ठेवायचो.

चौथ्या दिवशी साडेनऊला सीडी टाकली. डीची मोकळी जागा एका पट्टीवर दिसली. माउसने तिची कड धरून मी डावीकडे ओढली. पडद्यावर इशारा आला: काम सुरू असताना वीज गेली तर माहिती नष्ट होऊ शकते. मी चाचांना वाचून दाखवलं.

"लाइट एक वाजता जाते," ते म्हणाले. "आता दहा नाही वाजले. दाब."

मी दाबलं. पट्टी सरकायला लागली. पावणेअकराला, लाइट जायची वेळ नसताना, पंखा थांबला आणि यूपीएस वाजायला लागला.

तो यूपीएस जुना होता. पंधरा मिनिटं चालेल अशी त्याची ख्याती, पण बॅटरी थकलेली. पट्टी अर्ध्याच्या थोडी पुढे होती. मी काहीच करू शकत नव्हते. थांबवायचं बटणही तिथे नव्हतं. त्या दोन न उघडणाऱ्या फ्लॉप्या डोळ्यांसमोर आल्या आणि मी ते चाचांना सांगून टाकलं. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "या डब्ब्यात जास्त कोण खाते?"

"म्हणजे?"

"लाइट. जास्त लाइट कोण खाते?"

मॉनिटर. तो मोठा, काचेचा, मागून पोट सुटलेला मॉनिटर. मी त्याचं बटण बंद केलं. पडदा काळा झाला, आणि आता काम कुठवर आलंय ते कळायचा मार्गच राहिला नाही. राहिला फक्त डिस्कचा आवाज. आत ती कुरकुर करत होती, आणि समोरचा लाल दिवा लुकलुकत होता. चाचांनी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, म्हणजे रस्त्याचा गोंगाट कमी होईल. मग खाली बसून त्यांनी कॅबिनेटला कान लावला. मीही दुसऱ्या बाजूने लावला. यूपीएस दर काही सेकंदांनी वाजत होता आणि मधल्या शांततेत ती कुरकुर ऐकू येत होती.

"लिहून रायली," चाचा हळू म्हणाले. "बोरूचा आवाज असाच येते."

किती वेळ गेला ते आठवत नाही. यूपीएसचं वाजणं जवळ जवळ यायला लागलं तेव्हा कुरकुर अचानक थांबली. लाल दिवाही विझला. कॅबिनेटमधला पंखा मात्र फिरत होता, म्हणजे मशीन जिवंत होतं. मी मॉनिटर लावला. पडदा उजळायला लागले ते चार-पाच सेकंद फार लांबले. मग पांढऱ्या चौकटीत एक साधा प्रश्न दिसला: पुढे जायचं का?

मी पुढे गेले नाही. नीट बंद केलं. पुढचं काम लाइट आल्यावर दुपारनंतर झालं, आणि संध्याकाळी कॉम्प्युटर सुरू केला तेव्हा काळ्या पडद्यावर दोन ओळी आल्या. वर लिनक्स, खाली विंडोज. बाणाच्या बटणाने मी खाली-वर करत राहिले.

"आता निवड ना," चाचा म्हणाले.

लिनक्स निवडलं. मातकट रंगाचा पडदा आला. डी ड्राइव्ह तिथूनही दिसत होती, मॅडमचं फोल्डर जागेवर होतं, फायलींची संख्या बरोबर होती. पहिली फाइल उघडली. मराठीचं एक अक्षर नव्हतं. नुसती विचित्र इंग्रजी अक्षरं, डोक्यावर टिंबं आणि टोप्या घातलेली, मध्येच पौंडाची खूण. दुसरी उघडली, तिसरी उघडली, सगळ्या तशाच.

चाचा बघत उभे होते. "कापलं का?"

"माहीत नाही."

विंडोज सुरू केलं. तीच फाइल उघडली तर तिथे स्वच्छ मराठी: ज्वारीची भाकर, चून म्हणजे पिठलं, कांदा. पुन्हा लिनक्समध्ये गेले, पुन्हा टोप्यावाली अक्षरं. त्या संध्याकाळी मी चार वेळा ये-जा केली. फाइल एकच होती, हे नक्की. मग हे काय चाललंय?

उत्तर दुसऱ्या दिवशी विंडोजमध्येच सापडलं, आणि तेही सहज. मी मराठीची एक ओळ निवडली आणि तिचा फॉन्ट बदलून साधा इंग्रजी केला. मराठी गेलं आणि तीच टोप्यावाली अक्षरं आली. आमच्या फायलींत मराठी कधी नव्हतंच. मी इतकी वर्षं इंग्रजी खुणाच टाइप करत होते आणि आमचा फॉन्ट त्यांच्यावर मराठी चित्रं काढत होता. क दिसायचा, पण कॉम्प्युटरला तो क आहे हे ठाऊक नव्हतं. लिनक्समध्ये मात्र क म्हणजे कच होता.

मी चाचांना तिथे बसवलं, कीबोर्ड उर्दूवर केला आणि कोणतं अक्षर कोणत्या बटणावर आहे ते कागदावर काढून दिलं. त्यांनी एका बोटाने एक ओळ लिहिली. अक्षरं उजवीकडून येत होती आणि शेजारचं अक्षर आलं की आपला आकार बदलून त्याला हात देत होती. खाली मी मराठीची ओळ लिहिली. कुठे काही भिडलं नाही. चाचांनी चष्मा काढून पुसला.

"अक्षर बरोबर आहे," ते म्हणाले. "पण हे नस्ख वळण आहे. सरळ-सरळ चालते. आपल्या नस्तालीकसारखं तिरपं उतरत नाही." मग म्हणाले, "चालते. वाचता येते."

मॅडमचं सगळं मराठी मला नव्याने टाइप करावं लागलं. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. पहिल्या वेळी मी ते वाचलंच नव्हतं. टायपिंग करणारा वाचत नाही, त्याची बोटं वाचतात. या वेळी नवा कीबोर्ड हाताला बसलेला नव्हता, म्हणून शब्द-शब्द सावकाश जात होता. भाकर आणि चून. भाकर आणि ठेचा. अंबाडीची भाजी. कण्या. पुन्हा भाकर आणि चून. दर्यापूरकडच्या एका बाईच्या पानावर आले तर तिथे पुरी, श्रीखंड, मसालेभात, भरली वांगी. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. सलग वीस दिवस असंच. ती बाई दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला जायची असं वर लिहिलेलं होतं.

मॅडम आल्या तेव्हा मी ते पान दाखवलं. "हे चुकून आलं का?"

"नाही. तिनं तसंच सांगितलं. मी म्हटलं, बाई, खरं सांगा. तर म्हणे, रोज भाकर-चून, भाकर-चून काय सांगू तुमाले? लिहूनच रायल्या तर काही बरं लिहा."

"मग पुस्तकात हे ठेवायचं?"

"मी तिला विचारलं आणि ती बोलली. मी कोण काढणारी?"

पुस्तक निघालं, मराठी आणि उर्दू समोरासमोरच्या पानांवर. उर्दू चाचांनी एका बोटाने टाइप केलं आणि एकेक पान तपासलं. मुखपृष्ठावरचं उर्दू नाव मात्र त्यांनी हाताने लिहिलं, आणि ते पुन्हा डिंकानेच चिकटवलं.

प्रती द्यायला मॅडम मला बरोबर घेऊन गेल्या. दर्यापूरहून काळ्या-पिवळ्या जीपने त्या गावात पोचलो तेव्हा ती बाई अंगणात तुरीच्या काड्या मोडत होती. तिला वाचता येत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "हिनंच टाइप केलं. ही वाचून दाखवेल." मी बसले आणि वाचलं. पुरी, श्रीखंड, मसालेभात. तिने काड्या मोडायचं थांबवलं. वीसही दिवसांचं जेवण ती मान हलवत ऐकत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "पहिल्या सोमवारी खीर होती ना? खीर राहिली."

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी पर्समधून पेन्सिल काढून माझ्या हातात दिली.

"कशाची खीर लिहू?" मी विचारलं.

ती विचारात पडली. "शेवयाची," ती म्हणाली. "वेलची टाकलेली."

मी माझ्या प्रतीत पहिल्या सोमवारच्या ओळीपुढे ते लिहिलं. त्या पुस्तकाची दुसरी छपाई कधी झाली नाही, त्यामुळे ती खीर एवढ्या एकाच प्रतीत आहे.