हात लागणारच

“थांब. हे मधे धर.”

मॅडमनं पांढरा नॅपकिन माह्या हातात दिला. ती मॅटवर उताणी पडून होती, एक पाय माह्या खांद्यावर. मांडीमागची शीर ताणून द्यायची होती. एका हातानं टाच धरायची, दुसरा गुडघ्यावर ठेवायचा अन् पाय हळूहळू वर न्यायचा. शीर किती ताणल्या गेली हे डोळ्याले नाही दिसत, तळव्याले समजते.

मले वाटलं, घामाची लाज वाटत असंल. म्हटलं, “मॅडम, मले घामाचं काही नाही.”

“तसं नाही गं.” ती छताकडे पाहत होती. “आईंना चालत नाही.”

आई म्हणजे तिची सासू. आदल्याच दिवशी, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, तिनं मले दारात थांबवून विचारलं होतं, राहता कुठे, वडील काय करायचे. मी सांगतलं, कन्हानची आहे, बाप कोळशाच्या खाणीत होता. मंग तिनं आडनाव विचारलं. थेही सांगतलं. लपवायचं काय त्याच्यात? माहा आजा दीक्षाभूमीवर जाऊन दीक्षा घेऊन आलेला माणूस. आमच्या घरी आडनाव मान वर करूनच सांगतात.

तर दुसऱ्या दिवशी नॅपकिन आला. इस्त्री केलेला.

मी लोकांच्या घरी जाऊन व्यायाम शिकवते. धरमपेठेतल्या ह्या मॅडमनं मले बोलावलं तेव्हा तिची शुगर वाढलेली, गुडघे दुखून राहिलेले, अन् आधीच्या ट्रेनरनं ओरडून ओरडून तिले पार रडवलेलं. मी ओरडत नाही. वजनकाटा तर पहिल्याच दिवशी पलंगाखाली सरकवला. म्हटलं, खुर्चीवरून हात न टेकवता उठून दाखवा, आजच्यापुरतं बस झालं. उठली. काय हसली बाई तेव्हा! शिव्या खाऊन कोणी उठत नाही. आपल्याले जमते म्हणून माणूस उठते.

खाण्याचंही तसंच. ती पाकिटातलं परदेशी धान्य शिजवून तोंड वाकडं करून खात होती. मी म्हटलं, सोडा थे. ज्वारीची भाकर खा, अंबाडीची भाजी खा, जवसाची चटणी घ्या, पण उपाशी राहू नका. सासू सोफ्यावरून बोलली, “आमच्याकडे हे गडीमाणसं खात.” मंग शुगर उतरली अन् त्या घरात रोज भाकर होऊ लागली. सासूही खाऊ लागली. माही भाकर चालली. हात नाही चालला.

अन् मी नॅपकिन घेतला. काहून घेतला? आजूबाजूची सारी घरं मले त्याच मॅडमनं मिळवून दिली होती. एक घर तुटलं की बाकीचीही तुटतील, हे मले माहीत होतं. आईले फोनवर सांगतलं तर ती म्हणे, “सोडू नको वं. असे लोक कुठं नाहीत?” बिचारी खोटं नव्हती बोलत.

पण थो कपडा माह्या मागंच लागला. पोळ्या लाटताना, बसमध्ये दांडा धरताना, तळव्याले एकदम थे सूत लागल्यासारखं होये. अन् त्याच्या मागून शाळेचं मैदान येये.

शाळेत मी कबड्डी खेळत होती. कोपऱ्यावर. साखळीत एकमेकीचा हात धरून उभं राहा लागते. माह्या बाजूची पोरगी माहा हात धरत नव्हती. माह्या बाहीचं टोक दोन बोटात पकडे. मॅचमध्ये समोरची चढाईले आली, मी तिच्या पायावर झेप घेतली, अन् बाही सुटली. मी एकटीच फरफटत गेली, अन् चढाईवाली रेषा शिवून हसत गेली. सर साऱ्यांसमोर मले म्हणाले, “साखळी तू तोडली.” तोंडात माती होती, थे गिळली.

नॅपकिन हातात आला की रोज थेच सर, थेच वाक्य. मी मॅडमले “मस्त, अजून थोडं” म्हणत राहो, अन् आतून कोणीतरी मलेच म्हणे, साखळी तू तोडली.

एका सकाळी मॅडम एका पायावर तोल सांभाळून राहिली होती. मी बाजूले उभी. तिचा गुडघा लचकला अन् ती टेबलाच्या काचेवरच जाऊन राहिली होती. मी झेपावली. एक हात तिच्या पाठीमागं, एका हातात तिचं मनगट. उघडे हात. तिनंही माहा दंड असा धरला का नखं रुतली. माह्या खांद्यावर डोकं टेकवलं. मी म्हटलं, “श्वास घ्या, मी आहे.”

सासू धावत दारात आली. लागलं का, नाही विचारलं.

“नॅपकिन कुठे गेला?”

मॅडमनं माहा दंड सोडला. इकडंतिकडं पाहिलं. वाकली, त्याच दुखऱ्या गुडघ्यानं, मॅटजवळ पडलेला नॅपकिन उचलला अन् माह्यापुढं धरला. “घे नं गं. वाईट नको वाटून घेऊ.”

माह्या दंडावर तिच्या नखांचे वळ होते. अजून लाल.

“नाही घेत,” मी म्हटलं. माहाच आवाज मले अनोळखी वाटला. “हात लागणारच, मॅडम. नसंल चालत, तर मी चालली.”

कोणी थांबवलं नाही. संध्याकाळी तिचा फोन आला. मले वाटलं, माफी मागते का काय! ती म्हणाली, “तू आडनाव सांगायलाच नको होतं. सगळं किती छान चाललं होतं.”

मी फोन ठेवून दिला.

आजूबाजूची घरं तुटली. कोणी म्हणे गावाले चाललो, कोणी म्हणे आता मोबाईलवर पाहूनच करतो. मी मिहानकडच्या नव्या इमारतींमध्ये दारोदार फिरून काम जमवून राहिली. कमी आहे. अन् थो कपडाही गेला नाही. आजही कोणाच्या पाठीवर तळवा ठेवायच्या आधी हात क्षणभर हवेत थांबते. त्या क्षणात सर बोलतात, सासू बोलते. मंग मी तळवा ठेवते. पूर्ण ठेवते.

नव्या घरी पहिल्याच दिवशी आडनावासकट नाव सांगते अन् हात पुढं करते. परवा एकीनं माहा हात तसाच अधांतरी ठेवला. गोड हसली. म्हणे, “हात न लावता नाही का शिकवता येणार?”

“येते नं,” मी म्हटलं. “पण मी शिकवणार नाही.”

अन् जिना उतरली. काम कमी झालं तर होऊ दे, पुन्हा कन्हानले जा लागलं तर जाईन. पण माह्या अंगाचा विटाळ मानणाऱ्याचं अंग मी कधीच सावरणार नाही. पडत असंल तरी.